उकिडवे बाईंच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट

डॉ. सुमेधा उकिडवे यांच्याबद्दल लिहायचं तर मी काय केलं तेही लिहावं लागतं. म्हणून इतकी वर्षं टाळलं.

१९५४ साली आम्ही डोंबिवलीत नवे होतो. हेमा आठ महिन्यांची. तिचं पोट सारखं बिघडायचं. माझे यजमान ठाण्याच्या एका कारखान्यात नोकरीला होते. मुलांच्या औषधपाण्याचं बिल कंपनी द्यायची, पण डॉक्टर सरकारी नोंदणी झालेला हवा. नीट पाहून घे, असं त्यांनी मला बजावलं होतं. आमच्या आळीत इंग्रजी सर्टिफिकेट वाचू शकणारी बाई मी एकटीच, कॉन्व्हेंटात शिकलेली. त्याचा मला ताठा होता.

स्टेशनजवळ उकिडवे बाईंचा दवाखाना होता. ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेला. मूल तपासण्याआधी स्टेथॉस्कोपचं थंडगार तोंड त्या स्वतःच्या तळव्यात धरून कोमट करायच्या. हेमा दोन दिवसांत दूध पचवू लागली. तिसऱ्या दिवशी मी भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचलं. त्यावर नाव होतं चित्रा त्र्यंबक बर्वे. बाहेर पाटीवर सुमेधा हरिहर उकिडवे.

त्यांनाच विचारता आलं असतं. पण मग शोध लावल्याचा आनंद गेला असता.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी आलेल्या बायकांना सांगितलं की दुसऱ्याच बाईचं सर्टिफिकेट टांगून ही मुलांना औषधं देते. माझ्या तेव्हाच्या डायरीत त्या दिवसाच्या पानावर कोणाकोणाला आंब्याची डाळ दिली ती अकरा नावं आहेत. मी काय बोलले ते नाही. जून उजाडेपर्यंत दवाखान्याचं बाकडं रिकामं दिसू लागलं.

यजमानांनी बिलाबरोबर माझी शंकाही कंपनीला कळवली होती. कंपनीने चौकशी केली. श्रावणात उत्तर आलं: नोंदणी खरी, बाई त्याच, लग्नानंतर नाव बदललेलं. यजमानांनी पत्र वाचून घडी घातली.

"तुझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट काढ बघू," ते म्हणाले.

ट्रंकेत तळाशी होतं. सरोज हरी वर्तक. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नाव सुमती लिहिलं गेलं, त्याला तेव्हा सहाच वर्षं झाली होती.

त्या अकरा घरी जाऊन खरं सांगायला हवं होतं. मी एका घरी गेले, सगुणाबाईंकडे. त्या म्हणाल्या, "अहो, आता कशाला? त्या तर दवाखाना हलवून गेल्या टिटवाळ्याला." मी सुटल्यासारखी घरी आले. उरलेल्या दहा घरी कधीच गेले नाही.

दोन वर्षांनी हेमाचा खोकला हटेना, तेव्हा टिटवाळ्याला गेले. वाटेत माफीची वाक्यं जुळवली होती. दवाखाना म्हणजे एक खोली. पाटीवर आता दोन्ही नावं होती, एकाखाली एक. बाईंनी मला ओळखलं, ते त्यांच्या थबकण्यावरून कळलं. माफी न मागता मी हेमाला पुढे केलं.

त्यांनी कागदावर हेमाचं नाव लिहिलं.

"आईचं नाव?"

"सुमती."

पेन तसंच धरून त्यांनी विचारलं, "आणि माहेरचं?"

मी खाली बघून सांगितलं. त्यांनी दोन्ही नावं लिहिली, आणि स्टेथॉस्कोप तळव्यात धरून कोमट करू लागल्या.