विमलचा काळा दात

दातांच्या दवाखान्यात किस्से साठतात, कारण तिथे माणूस बराच वेळ तोंड उघडं ठेवून गप्प बसलेला असतो. कापूस बाहेर आला की सगळं एकदम बोलून टाकतो! आमच्या वसईच्या दवाखान्यात असे किस्से भरपूर साठले. वाचलेले दात मात्र शोधावे लागतील.

मी बंगलोरहून डेंटिस्ट होऊन परत आलो तो एकच हट्ट घेऊन: दात उपटायचा नाही, वाचवायचा. एक खुर्ची, पायाने चालवायचं ड्रिल आणि मदतीला इनासमामा. मामा आधी एका जुन्या डॉक्टरांचे कंपाउंडर होते. पहिल्याच दिवशी माझी हत्यारं बघून म्हणाले, "डाक्तर, पक्कड एकच? मग धंदा कसा होनार?"

*

दाताच्या आत काय असतं हे लोकांना एकदा कळलं की ते दात राखतील, अशी माझी खात्री होती. म्हणून नंदाखाल गावच्या एका वाडीवाल्या काकांसमोर मी चक्क नारळ फोडला.

"ही करवंटी म्हणजे दाताचं वरचं कवच, एनॅमल. तिला भोक पडलं तरी दुखत नाही. हे खोबरं म्हणजे डेंटीन. कीड इथवर आली की गार पाणी झोंबतं. आणि मधे पाणी असतं ना, त्या जागी दाताची नस. कीड तिथे पोचली की झोप उडते. मी फक्त नस काढतो, पोकळी साफ करून भरतो. दात जागेवर!"

काकांनी मन लावून ऐकलं. खोबऱ्याचा तुकडा चांगल्या बाजूने चावत म्हणाले, "समजलं. पन पानी नासलेला नारल आमी ठेवत नाय. काढा."

*

वालीवच्या कारखान्यातला एक फिटर ठणकणारी दाढ घेऊन आला आणि ड्रिल बघून पळून गेला. आठवड्याने पेढे घेऊन हजर!

"डॉक्टर, आपोआप बरी झाली! एकदम शांत!"

"अरे, बरी नाही झाली, आतली नस मेली! मेलेल्या नसेला दुखणार काय? आता पू मुळाच्या टोकातून हाडात उतरेल."

"तुम्ही पण ना! चांगलं बोलायचं सोडून..."

पुढच्या वेळी आला तेव्हा गाल एवढा सुजलेला, की एक डोळा बंद. मी आरसा उचलला, तर माझा हात धरून म्हणाला, "दाढ राहू द्या, ती ठीक आहे. हे गालाचं काहीतरी बघा!"

*

आमच्या शेजारच्या कमळाकाकू मोगऱ्याचे गजरे करायच्या. दोरा दाताने तोडून तोडून पुढच्या दातांना खाचा पडलेल्या. मी बोललो, तर म्हणाल्या, "तुझे दुधाचे दात मी छपरावर टाकलेत. तू मला शिकवतोस?"

तरी मी त्यांना छोटी कात्री आणून दिली. महिन्याने बघतो, तर खाचा तशाच, वर हिरडीतून रक्त.

"काकू, कात्री कुठे गेली?"

"आहे की! दाढेतलं कोरायला काय छान टोक आहे रे तिचं!"

आणि कौतुकाने सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या चिकट-गोड केळ्यांचा, पुडा माझ्या हातात ठेवला. एक सुकेळं लगेच तोंडात टाकून इनासमामा म्हणाले, "डाक्तर, दाढेत चिकटलं."

त्या संध्याकाळी दवाखाना बंद करून परत बंगलोरला जायचं म्हणून मी खरंच बॅग काढून झटकली होती.

*

बॅग भरली नाही, कारण विमल आली.

विहिरीवरच्या इंजिनाचं हँडल उलटं फिरून तिच्या तोंडावर बसलं होतं. पुढचा दात फुटला नव्हता, पण हळूहळू काळा पडला. लग्न ठरलेलं. वडील म्हणाले, "काढून टाका."

विमल पदराआडून मला म्हणाली, "दादा, ऱ्हाईल का हो माझा दात?"

दात राहावा म्हणणारं ते पहिलं माणूस! मी घरच्या सगळ्यांना समजावलं. माराने आतली नस मेली, रक्त आत झिरपलं, म्हणून रंग गेला. पण मेलेला दातसुद्धा मुळावर जन्मभर उभा राहतो.

ती प्रत्येक वेळी ठरल्या वेळी आली. इनासमामा ड्रिलचं पायडल स्वतः मारायचे. नस काढली, मूळ भरलं, औषधाने रंगही उजळला. शेवटच्या दिवशी विमल आरशात बघून तोंडावर हात न ठेवता हसली. मामांनी पक्कड उचलून खणात टाकली. "डाक्तर, एक तरी ऱ्हायला!"

लग्नाला आम्ही दोघंही गेलो. मांडवात विमलने माझ्याकडे पाहिलं आणि चटकन तोंडावर हात धरला.

तिची आत्या लगबगीने आमच्याकडे आली.

"डाक्तर, हलदीच्या आधी काढून घेतला हो. बाजारातल्या दातवाल्याकडून. तुमीच बोललात ना, दात मेलाय म्हनून. मेलेलं अंगावर ठेवून पोरीला हलद कशी लावायची?"

मग कमरेची पुडी सोडवून तिने माझ्या हातात दिली. आत विमलचा दात होता.

"आतलं औषध तुमचं हाय. ते आमाला नको. आनि जेवल्याबिगर जाऊ नका!"