मुशीतला रुपया

शुक्रवार पेठेतल्या काशम्मा पांचाळ देवघरातले चांदीचे टाक, म्हणजे प्रतिमा उठवलेले छोटे पत्रे, घडवतात. नवरा गेला तेव्हा सासऱ्यांनीच त्यांना मुशीपुढे बसवलं. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. टाक देवांचे असतात, तसे गेलेल्या माणसांचेही. काही घरं त्यासाठी जुना राणीछाप रुपया घेऊन येतात.

तो वितळेपर्यंत काशम्मा बोलत राहतात. "रूप म्हणजे ठसा. ठसा उठवलेली चांदी ती रूप्य, त्याचाच रुपया. आमच्या कन्नडात रूपायी, पलीकडच्या तेलुगू विणकरांतही रूपायीच. राज्यं बदलली, पण ठसा काही नावातनं गेला नाही."

चांदी पातळ झाल्यावरच गेलेल्याचं नाव विचारायचं, ते उच्चारायचं आणि ओतायचं, ही सासऱ्यांची रीत.

मार्चमधल्या एका दुपारी माढ्याचा इंद्रजीत रुपया घेऊन आला. चांदी पातळ झाली तशी काशम्मांनी नाव विचारलं.

"महिपती. वडील माझे."

त्यांनी नाव घेऊन चांदी ओतली. "कधी गेले?"

"गेलं न्हाईत अजून. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. भाईर गाडीत बसल्यात."

काशम्मांचा हात थांबला. "जित्या माणसाचं नाव घ्यायला लावलंस होय रे मला?"

"आज न्हाय तर उद्या, मावशी. माढ्यासनं परत खेप कुणी घालायची? उठवा की ठसा."

"नाही उठवणार. ठशाशिवाय ही नुसती चांदी. अजून कुणाची नाही."

तेवढ्यात दाराची चौकट धरून म्हातारा आत आला. सदरा अंगावर नुसता लोंबत होता. "लई येळ लावलास रं, इंद्रा. कुणाचा टाक करतूयास?"

इंद्रजीतनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"खंडोबाचा, आबा. बसा," काशम्मा म्हणाल्या. त्यांनी घाईनं ती ओतलेली चांदी ठोकून पत्रा केला, खंडोबाच्या पितळी ठशावर ठेवला आणि घाव घालू लागल्या. हळूहळू घोडा उठला, मग तलवार.

महिपतींनी टाक कपाळाला लावला. "झ्याक! माझ्या आयच्या गळ्यातला रुपया हुता बरं का, बाई. असलाच अजून एक हाय घरात."

इंद्रजीतनं वडिलांकडे मान वळवली. त्यानं वडिलांच्या दंडाला धरून त्यांना जपून पायऱ्या उतरवल्या. गाडीचं दार उघडताना त्याचा आवाज काशम्मांच्या कानावर आला, अगदी मऊ.

"दुसरा कुटं ठिवलाय, आबा?"