अणुऊर्जा कायदा, मुक्काम लोणी देवकर

कायदा जितका कडक, तितके किस्से जास्त! नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला हे कळलं. तेव्हापासून साठतायत, आणि मित्र जमले की एकामागून एक निघतात.

मी लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर आहे. डॉक्टर हाडाचा एक्स-रे काढतात, तसा आम्ही मोठमोठ्या टाक्यांच्या वेल्डिंगचा काढतो. त्यासाठी एका जड डब्यात इरिडियम नावाच्या किरणोत्सारी धातूची मसुराएवढी गोळी असते. तिला थेट देशाचा अणुऊर्जा कायदा लागू! परवाना, तपासणी, दोन-दोन कुलपं, सगळं आलं.

*

त्या डब्याला आमच्या धंद्यात ‘कॅमेरा’ म्हणतात. नवे वॉचमन मारुतीराव कन्हेरीहून आले, तेव्हा मी त्यांना तासभर समजावलं. कॅमेरा कुलपात असतो, परवानगीशिवाय कुणी आत जायचं नाही. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, तोंडाला पावडर लावून हजर!

“सायेब, पासपोर्ट साईज आठ निघतील का? रेशनकार्डाला लागत्यात.”

“मारुतीराव, त्या कॅमेऱ्यासमोर माणसानं उभं राहायचं नसतं हो!”

“मग बसून काढा की!”

*

अशी गोळी कारखान्यात ठेवली, की पोलीस ठाण्यात कळवावं लागतं. मी पत्र घेऊन गेलो. हवालदारांनी पेन उघडलं.

“नाव?”

“इरिडियम.”

“आडनाव?”

“एकशे ब्याण्णव.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मग मी सगळं नीट सांगितलं. हा धातू आहे, त्यातून किरणं निघतात, आणि साधारण अडीच महिन्यांत तो निम्मा होतो.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. “अडीच महिन्यांत निम्मा माल गायब हुतोय, आन तुमी आज सांगताय? आदी चोरीची तक्रार द्या!”

*

आमच्यातल्या प्रत्येकानं छातीवर एक बॅज लावायचा असतो. अंगावर किती किरणं पडली, ते त्यात नोंदलं जातं. तीन महिन्यांनी सगळे बॅज तपासायला मुंबईला जातात.

एकदा तात्यांच्या बॅजचा आकडा असा आला, की मुंबईहून तातडीचं पत्र! तात्या आमचे सर्वांत जुने फिटर. त्यांचं रक्त तपासलं, सगळं ठणठणीत. दोन दिवस चौकशी चालली. तात्या शपथेवर सांगत होते, “एक्स-रे चालू असताना मी त्या खोलीच्या आसपासबी नव्हतो.”

शेवटी मी हात जोडले. “तात्या, मग तुमचा बॅज कुठं होता?”

“त्या खोलीतच की! खुंटीला.”

“अहो, तिथं का?”

“हरवंल म्हणून. तितं कुणीसुदिक जात न्हाय!”

*

मध्यंतरी दिल्लीत अणुऊर्जेचा नवा कायदा झाला. आता खासगी कंपन्यांनाही अणुवीज करता येणार. लासुर्ण्याच्या मामांनी ते ऐकलं आणि मला बांधावरच धरलं. मामांचा सगळा ऊस; तो मोडून अणुवीजच करू म्हणाले.

मी परवाना सांगितला, सुरक्षा सांगितली, अपघात झाला तर भरपाई कुणी द्यायची ते सांगितलं. मामा ढिम्म. मग सहज म्हणालो, “एकदा इंधन भरलं, की महिनोन्‌महिने बघायला नको.”

मामा ताठ झाले. “म्हंजी तोडणीच्या टोळीसाठी मुकादमाच्या मागं पळायला नको? आरं, मग इतकी वर्सं काय करत हुते ह्ये दिल्लीवाले!”

*

आणि माझं लग्न ठरलं तेव्हाचं.

‘अणूत काम करतो, पोरंबाळं व्हायची न्हाईत,’ अशी कुणीतरी आवई उठवली होती. दोन ठिकाणच्या पाहुण्यांनी आमच्याकडं पोहे खाऊन नकार कळवला. आईनं तर नोकरी बदल म्हणून धोशा लावला होता.

तिसरं स्थळ बारामतीचं. मुलीचे वडील निवृत्त मास्तर. त्यांनी सरळच विचारलं, “धोका किती?”

प्रत्येकाच्या अंगावर किती किरणं पडली, म्हणजे त्याचा डोस किती, याची नोंद कायद्यानं ठेवावीच लागते. मी माझी फाईलच बरोबर नेली होती. ती पुढं केली.

ती मुलीनंच घेतली. ती दवाखान्यात अँजिओग्राफीच्या खोलीत टेक्निशियन, रोज तिथल्या एक्स-रे मशीनशेजारी उभी राहणारी. तिनं एकेक पान शांतपणे वाचलं. मग ती आत गेली, स्वतःची फाईल घेऊन आली आणि दोन्ही शेजारी ठेवून म्हणाली,

“बाबा, यांचा तर माझ्यापेक्षा कमी आहे!”

माझा जीव भांड्यात पडला. आई मात्र कोपऱ्यात मास्तरीणबाईंशी बोलत होती. तिच्या कानावर ‘कमी’ एवढंच पडलं. ती लगबगीनं पुढं सरकली, मुलीचा हात हातात घेतला आणि म्हणाली,

“आसू दे गं बाय! पगार आता कमी हाय, पर लगीन झाल्यावर वाढंल की हळूहळू!”