कादंबरी पडली, मैत्रीण फिरली

मैत्रिणींनो, ही वही तुमच्याकडे फिरत येईल, म्हणून आजचंच लिहिते.

आपल्या वाचनमंडळासाठी मी सुचवलेली कादंबरी आज दुपारच्या बैठकीत मतांनी पडली. अमरावतीत मिळेना म्हणून मी ती अकोल्याहून मागवली होती. नवऱ्याचं घर सोडून मास्तरीण होणाऱ्या बाईची गोष्ट. आपल्यातल्या एकीला आधी वाचायला दिली. परवा ती डोळे पुसत म्हणाली, "हेच निवडू वं. मी तुह्याच बाजूनं बोलीन."

आज चौघीजणी विरुद्ध बोलल्या. त्यांत तीही होती. "असलं पुस्तक चांगल्या घरात शोभत नाही," म्हणाली.

बाहेर पडताना मी विचारलं, "काहून वं असं केलं?"

"माह्या सासूले कळलं तर? तुले बोलाले काय जातं!"

तिची भीती मला कळते, म्हणून नाव लिहीत नाही. पण ती नुसती गप्प बसली असती, तरी मला चाललं असतं.

आज मनातून हो म्हणून तोंडानं नाही म्हणालेल्या आणखी कितीजणी आहात?