नारळावर आलेला आळ

आमच्या घरात नवी वस्तू पूजेआधी चालू करत नाहीत. मिक्सर असो की टेबलफॅन, हळदीकुंकू लागल्याशिवाय त्याची पिन प्लगात जात नाही. त्यामुळे सानपाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन आलं तेव्हा सासूबाईंनी त्याच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पुढ्यात नारळ फोडला आणि त्याचं पाणी मशीनवर शिंपडलं. मग मी बटण दाबलं. मशीन एकदा घुर्र झालं आणि त्याने मान टाकली.

मशीन सासूबाईंसाठीच घेतलं होतं. सासरे मार्केटात माथाडी. मिरची-हळदीच्या गोणी वाहून माखलेले त्यांचे कपडे सासूबाईंनी उभा जन्म घासले आणि त्यात मनगटं घालवली. डॉक्टरांनी पिळणं बंद करायला सांगितलं होतं, तरी आपलं लुगडं त्या दुसऱ्या कुणाला धुऊ देत नसत. मशीनला मात्र कशाबशा तयार झाल्या होत्या. गावाकडे फोन करून सांगूनही झालं होतं.

कंपनीचा माणूस आला. त्याने मशीन उघडलंच नाही. टॉर्च मारून स्वस्तिक पाहिलं, खोबऱ्याचा तुकडा उचलून त्याचा फोटो काढला, खून झालेल्या जागी पोलीस काढतात तसा.

"मॅडम, पानी गेलंय आत. कस्टमर डॅमेज. वॉरंटीत नाय बसत."

"आत कुठे?"

"ते उघडल्यावर कळेल."

"मग उघडा ना."

"वॉरंटीत नसलं तर उघडायचे वेगळे पडतात."

ज्या यंत्राने जन्मभर पाण्यातच राहायचं, ते ओंजळभर नारळपाण्याने गेलं म्हणे! मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. बिघाड पूजेच्या आधीपासून होता हे मी सिद्ध करू शकते का, असं तिने विचारलं. म्हणजे आधी मशीन चालवून पाहायचं आणि मग देवाला बोलवायचं. एवढा नास्तिकपणा आमच्या घराण्यात अजून कुणाला जमलेला नाही.

माझं डोकं तडकलं होतं, पण सासूबाईंनी गुन्हा कबूलही करून टाकला होता. "माज्याच हातनं झालं गं. यवडं म्हागाचं आणलंसा, आन् म्या घालवलं." त्या धड जेवेनात.

मग मी ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. पाणी गेलं असं कंपनी म्हणते, तर ते पाणी कंपनीनेच दाखवावं, एवढंच माझं म्हणणं होतं. कंपनीचा दुसरा माणूस आला. त्याने मागचं झाकण काढलं. आत सगळं कोरडं ठणठणीत, आणि मोटरची वायर जळून काळी पडलेली. "हे कंपनीतूनच खराब आलंय," तो माझ्यापाशी हळूच म्हणाला. मी सासूबाईंना हाक मारली. "आता हेच यांना सांगा," मी त्याला म्हटलं. तर हा झाकण बसवायला लागला. "रिपोर्ट ऑफिसातून येईल, मावशी."

"आई, मी बघितलंय, थेंबभर पाणी नव्हतं आत," मी सांगितलं.

"तू माजी बाजू घेनारच की," त्या म्हणाल्या.

शेवटी कंपनीचा फोन आला, मशीन बदलून देतोय म्हणून. मी स्पीकर लावला, सासूबाईंना शेजारी बसवलं. "म्हणजे नारळामुळे बिघडलं नव्हतं ना? तेवढं एक वाक्य बोला."

"मॅम, तसं आम्ही म्हटलेलं नाही. गुडविल म्हणून देतोय."

मी तोंड उघडणार तोच सासूबाईंनी फोनला हात जोडले. "लई उपकार झालं, बाई."

नवीन मशीन आलं. या वेळी नारळ आणायचं कुणी नाव काढलं नाही. मी बटण दाबलं, मशीन फिरायला लागलं. मला वाटलं, जिंकलो. लुगडं मागायला गेले तर बाथरूममधून आपटल्याचा आवाज येत होता. सासूबाई स्टुलावर बसून, सुजल्या मनगटाने लुगडं पिळत होत्या.

"आई, अहो, चालतंय मशीन!"

"चालतंय न्हवं? मग तुमचं टाका त्यात," मान वर न करता त्या म्हणाल्या. "माजा हात नगं लागाय त्याला."