अर्ध्यावर बंद पडलेलं यान

आमची ही गेली आणि माझं यान अर्ध्यावर राहिलं. यान म्हणजे टीव्हीवरच्या इंग्रजी मालिकेतलं. मी चौथी शिकलेला, कोलकात्यात गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसात शिपाई होतो. पडद्याखालची अक्षरं मला लागत नाहीत. ही मॅट्रिक. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की भाजी निवडत बसायची आणि मला मराठीत सांगायची.

आधी ते यान पत्र्याचं वाटायचं, राक्षसाच्या सोंगाच्या पाठीवरची शिवण दिसायची. पण माणसं एकमेकांशी बोलायची. मग मालिकेत पैसा आला. स्फोट वाढले, बोलणं आटलं. मी म्हणायचो, "नुसता धूर. बंद कर."

"अहो, गप बसा. कप्तानबाईची लांब बदली झालीये. तिला आईकडे जायचंय, वरचे सोडत नाहीत."

आम्हीही बदलीवरच इकडं आलेलो. मग मी बघत राहायचो.

शेवटी कप्तानबाई एका बंद दारापुढं येऊन थांबली. पुढचे भाग यायचे होते, त्याआधी ही गेली.

हिचं दिवसकार्य झालं. मुलगी डमडमहून राहायला आली होती. तिला विचारलं, "कप्तानबाई घरी पोचली का?"

तिनं फोनवर शोधलं. "बाबा, कंपनीनं मालिका बंद केली. बघणारे कमी झाले."

"शेवट न दाखवता?"

"खर्च निघत नाही म्हटल्यावर कोण दाखवतंय?"

माणसाला गाडीत बसवायचं आणि रानात उतरवायचं. हा कसला धंदा?

माझं तोंड बघून तिनं जुने भाग हिंदीत लावून दिले. हिंदी मला कळते. कप्तानबाई बोलायला लागली. ना आई, ना बदली. ती कुठल्याशा ग्रहावर धातू खणायला निघालेली.

"ही ती नव्हे."

"तीच आहे, बाबा."

"मग हिची आई कुठंय?"

मुलगी हसली आणि हसता हसता रडायला लागली. "ते सगळं आईनं घातलंय, बाबा. पदरचं."

एवढा पैसा ओतून त्या लोकांना जमलं नाही, ते हिनं मेथी निवडता निवडता केलं होतं.

मी म्हटलं, "शेवटचा भाग लाव. आवाज बंद कर."

कप्तानबाई दारापुढं उभी राहिली.

"आता तुम्ही सांगा," मुलगी म्हणाली.

"दार आतून उघडतं. आई म्हणते, किती वाळलीस गं."

पुढचं मुलगीच म्हणाली, "आणि म्हणते, हातपाय धुऊन ये, पान वाढते."