आमच्या घराची परीक्षणं

आमच्या घरात सिनेमाचं शूटिंग झालं तेव्हा आम्ही नुसते हरखलो होतो. भीती नंतर आली, परीक्षणांबरोबर.

दिंद्रुडच्या पुढं गायरानात आमचं घर. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे, पुढं मेंढरांचा वाडा आणि मायनं हौसेनं रंगवलेलं निळं दार. जमीन सरकारची, तिचा कागद आमच्याकडं कधीच नव्हता. सिनेमातही असंच एक घर सरकारी माणसं पाडायला निघालेली असतात. मग त्यातली मुलगी घराला दावं बांधते आणि रोज पहाटे त्याला लांब माळावर चरायला नेते, पाडणाऱ्यांना ते सापडू नये म्हणून. घराला चारता चारताच ती मोठी होते.

सिनेमा गाजला. मी मोबाइलवर एकेक परीक्षण मायला वाचून दाखवायची. ‘घर हाच खरा नायक,’ असं एकानं लिहिलं तेव्हा माय लाजली. दुसऱ्यानं तर कहरच केला. हे घर खरं आहे, माजलगाव तालुक्यात गायरानावर आजही उभं आहे, जाऊन पाहा म्हणे. मायचा हात पिठातच थांबला.

"कावून लिवलं आसं? आमी काय वाकडं केलं त्याचं?"

गायरानावरची अतिक्रमणं काढणार, अशी तेव्हा गावोगाव बोलवा होती. बा मेंढरं घेऊन लांब गेलेला. गाडीचा आवाज आला की मी वाड्यात जाऊन लपायची. कौतुकाचाच मला राग येऊ लागला. चार तारे देणाऱ्यांचं काय जातंय?

मग एक शहाणा भेटला. ‘घराचा सेट साफ खोटा वाटतो,’ त्यानं लिहिलं होतं, ‘मेंढपाळाच्या दाराला असला निळा रंग कोण देतं?’ मी जाम चिडले. माय मात्र कितीतरी दिवसांनी हसली.

"त्या बाबाच्या तोंडात साखर पडो. पुन्यांदा वाच बरं."

एके दुपारी सरकारी जीप आली. साहेब उतरले, मागून त्यांच्या बाईसाहेब.

"सिनेमातलं घर ते हेच ना?" साहेबांनी हसत विचारलं.

माय दारापुढं सरकली.

"न्हाई साहेब. ते खोटं घर व्हतं. सिनेमावाल्यांनी केलतं, मोडून नेलं. तसं छापूनबी आलंय."

"मग तुम्ही राहता कुठं?"

तिच्या पाठीमागं निळं दार सताड उघडं होतं. चुलीवर कालवण रटरटत होतं, त्याचा वास अंगणभर पसरला होता.

"मेंढरामागं, साहेब," माय म्हणाली. "आज हितं, उद्या तिकडं. आमाला कुठलं आलंय घर?"

साहेबांनी दाराकडं पाहिलं, एक फोटो काढला आणि ते जीपमध्ये बसले.

धूळ खाली बसल्यावर माय आत गेली आणि भरदुपारी तिनं आतून कडी घातली. मी बाहेरच राहिले होते. माझं घर असून मला दार वाजवायचा धीर होईना.